ओटीपोटाचा गुरुवार

डॉक्टर खिल्लारेबाई आमच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू झाल्या, त्या दिवशी त्यांनी सर्वांत आधी वजनकाटा पाहिला. काटा व्हरांड्यात होता. बायकांनी रांगेने यावे, चपला काढून काट्यावर उभे राहावे, परिचारिकेने आकडा मोठ्याने पुकारावा आणि पलीकडच्या खिडकीतल्या लिपिकाने तो केसपेपरवर लिहावा, अशी पद्धत होती. आकडा पुकारला की रांग त्यावर आपले मत देई. ‘सत्त्याऐंशी’ ऐकू आले की कोणीतरी म्हणे, “सासू खाऊ घालती वाटतं.” ‘अडतीस’ ऐकू आले की कोणीतरी म्हणे, “हिच्या माहेरी कळवा.” ही पद्धत कोणी सुरू केली हे मला माहीत नाही. ती मोडावी, असे आमच्यापैकी कोणाला वाटले नव्हते.

बाईंनी पर्स परिचारिकेच्या हातात दिली, चपला काढल्या आणि त्या काट्यावर चढल्या. काटा थोडा करकरला. बाईंनी आकडा वाचला आणि साऱ्या आवारात पोचेल अशा आवाजात पुकारला, “एकशे सात! लिहा हो.” लिपिकाने लिहिले. कोणाच्या नावावर लिहिले, हे त्याला पुढे सांगता आले नाही.

“आता इथून दुसरा आकडा ओरडायचा नाही,” बाई म्हणाल्या. “माणसाचं शरीर आहे. मोंढ्यात आणलेलं सोयाबीन नाही.”

त्याच दुपारी काटा आतल्या खोलीत पडद्यामागे गेला आणि त्याच्यावर टॉवेल पडला. बाईंचे एक वाक्य आम्हाला पाठ झाले: आधी तकलीफ, मग काटा. बाई आली की तिने प्रथम काय होते ते सांगायचे. ते पूर्ण ऐकून झाले, तपासून झाले, म्हणजे अखेरीस टॉवेल निघे. कित्येकदा निघतही नसे.

मी तेथे औषधनिर्माता होतो. गावाचे नाव देत नाही. ते हिंगोली जिल्ह्यात आहे, एवढे पुरे. माझी औषधांची खिडकी आणि बाईंची तपासणीची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती आणि ती छतापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे बरेच काही कानांवर पडे. येथे जे लिहीत आहे ते ज्यांचे आहे त्यांना विचारून लिहीत आहे. एकाने अट घातली, “लिवा, पर माझं वजन लिवू नका.” ती पाळली आहे.

बाई औंढा नागनाथकडच्या. घर बौद्ध, वडील शेतमजूर, आणि घरात दवाखान्याची पायरी चढलेले त्यांच्याआधी कोणी नव्हते, रोगी म्हणूनसुद्धा. अंगाने भरदार. आवाज त्याहून भरदार. हळू बोलण्यासाठी त्यांना कष्ट पडत. बायकांशी बोलताना त्या ते कष्ट घेत. रोग्याच्या कानाशी तोंड नेऊन इतक्या दबक्या आवाजात विचारीत की भिंतीपलीकडे मला केवळ फुसफुस ऐकू येई. पुरुषांसाठी त्या हे कष्ट घेत नसत. एप्रनच्या उजव्या खिशात फुटाणे असत. ते त्या दिवसभर खात आणि समोरच्याला देत नसत. मला त्या ‘मास्तर’ म्हणत. मी मास्तर कधीच नव्हतो, हे मी दोनदा सांगितले. त्या म्हणाल्या, “चेहरा मास्तरचा आहे, त्याला मी काय करू?” त्यानंतर मी सांगणे सोडले.

वजनाविषयी त्यांचा राग कोठून आला, हे त्यांनी एकदाच सांगितले, तेही फुटाणे चावता चावता. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांच्या पोटात दुखू लागले. तपासणाऱ्याने त्यांच्याकडे नखशिखान्त पाहिले आणि आहार कमी करण्यास सांगितले. त्यांनी आहार कमी केला. आठवड्याभरात अपेंडिक्स फुटले. “शुद्धीवर आले तर तोच डॉक्टर उशाशी. म्हणतो, बघा, वजन जास्त असल्यामुळं टाके घालायला त्रास झाला.” एवढे सांगून त्या हसल्या. भिंत हलली.

कनेरगाव नाक्याकडच्या दोन जावांची हकीकत आमच्या भागात अजून सांगतात. थोरली जाड होती, धाकटी काडी होती. तक्रार मात्र दोघींची एकच: अंगावरून जाते, आणि नवरा जवळ आला की दुखते. आमच्याकडे येण्यापूर्वी दोघी एका डॉक्टराकडे गेल्या होत्या. त्याने थोरलीला सांगितले, वजन कमी करा, बरे वाटेल. धाकटीला सांगितले, वजन वाढवा, बरे वाटेल. दोघी आज्ञाधारक होत्या. घरात भाकरी मोजून मिळे, कारण सासू मोजून थापीत असे. तेव्हा थोरलीने आपल्या ताटातली भाकरी धाकटीच्या ताटात सरकवायला सुरुवात केली. असे वर्षभर चालले. वर्षाअखेरीस थोरली काडी झाली आणि धाकटी जाड झाली. दोघींनी पोलकी आपसांत बदलून घेतली. शिंप्याचा खर्च वाचला. दुखणे होते तेथेच राहिले.

बाईंनी दोघींना एकापाठोपाठ तपासले. दोघींना एकच जंतुसंसर्ग होता. बाई बाहेर येऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “वर्षभर भाकरी फिरवली गं बायांनो. गोळी कुणी दिली न्हाई?”

“न्हाई,” थोरली म्हणाली. “त्यो म्हणला, समदं वजनाचं हाय.”

“नवऱ्यांना आणा. दोघांना. त्यांनी गोळ्या घेतल्याशिवाय तुमचं बरं होणार नाही.”

दोघे भाऊ पुढच्या गुरुवारी, म्हणजे महिला तपासणीच्या दिवशी, आले. बाईंनी त्यांना माझ्या खिडकीसमोर उभे केले आणि त्यांच्यासाठी ठेवणीतला आवाज काढला. गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावल्या. औषध पुरे होईपर्यंत बायकोजवळ जायचे नाही, हे आवारातल्या सर्वांनी ऐकले. दोन भावांना एकच संसर्ग कोठून झाला, हे बाईंनी विचारले नाही. भावांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

एकदा वरून एक अधिकारी पाहणीला आले. त्यांनी विचारले, या रुग्णालयात बायकांचे वजन सुरुवातीलाच का घेत नाहीत. अधिकारी स्थूल होते. बाई म्हणाल्या, “सांगते. साहेब, आधी काट्यावर या.” “कशाला?” “प्रश्न विचारण्याआधी वजन करायचं, असं तुमचंच म्हणणं आहे ना?” अधिकाऱ्यांनी काट्याकडे पाहिले, बरोबर आलेल्या कर्मचाऱ्यांकडे पाहिले आणि औषधसाठा पाहण्याची इच्छा व्यक्त केली. मी साठा दाखवला.

आता किसनदादाविषयी.

साखऱ्याच्या शिवारात त्याची मेंढरे आहेत. बाप वारला तेव्हा मेंढरांमागे जायला घरात मुलगा नव्हता, मुलगी होती. तिने बापाचे धोतर नेसले, पटका बांधला आणि मेंढरे घेऊन ती गेली. संध्याकाळी परत आला तो किसन. घरात कोणी कर्ता नव्हता म्हणून असे झाले, असे लोक आता सांगतात. पुढे मी किसनदादाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाप जिता असता तरी केलंच असतं. मला ते दुसरं कधी जमलंच न्हाई.” त्याचे पाळण्यातले नाव मला ठाऊक आहे. ते त्याला नको आहे, म्हणून येथे नाही. तो पंगतीत गड्यांमध्ये बसे, ग्रामसभेत हात वर करी आणि बोकडाच्या सौद्यात कोणाला बधत नसे. त्याला मिशी नव्हती. मिशी नसलेले गावात आणखीही होते. पन्नाशी उलटलेला, अंगाने जड, चालण्यात दांडगा. जन्मभर त्याने स्वतःच्या शरीराविषयी चकार शब्द काढला नव्हता आणि कोणी विचारलेही नव्हते.

तो माझ्या खिडकीशी आला तो मलमाची रिकामी नळी घेऊन.

“ही हाय का तुमच्याकडं? इकत घेऊन थकलो.”

मूळव्याधीचे मलम होते. मी विचारले, कोणी दिले. त्याने सांगितले ते असे. सहा महिन्यांपासून त्याला रक्त जात होते. तो शहरात एका खासगी डॉक्टराकडे गेला आणि म्हणाला, खाली तकलीफ हाय, रक्त जातं. डॉक्टराने समोर जाड पुरुष पाहिला आणि न तपासता मूळव्याध ठरवली. “म्हणला, वजन कमी कर, रोज चालत जा. म्या म्हणलो, किती चालू सायेब? त्यो म्हणला, सकाळी अर्धा तास. म्या म्हणलो, अन् बाकीचा दिस मेंढरं कुठं ठिवू?”

भिंतीपलीकडचे फुटाणे चावणे थांबले. बाई बाहेर आल्या. त्यांनी नळी पाहिली, किसनदादाला पाहिले आणि पुरुषांसाठी कधी न घेतलेले कष्ट त्या दिवशी घेतले. त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न मला ऐकू आला नाही. किसनदादाने खिडकीवरची नळी उचलली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला.

“काय विचारलंत?” मी म्हणालो.

“रक्त मागून जातं की पुढून, एवढंच.” बाई त्याच्या पाठीकडे पाहत होत्या. “मास्तर, गळ्याची घाटी दिसली नाही, तेव्हाच मला कळलं. ती मूळव्याध नाही. पाळी कधीची गेली असणार, आणि आता पुन्हा रक्त. हे बघावंच लागतं. आणि हा माणूस सहा महिने मलम लावून राहिला.”

पुढच्या दोन दिवसांत लसींचा डबा पोचवायला जीप साखऱ्याकडे निघाली, तिच्यात बाई बसल्या. डबा माझ्या ताब्यात होता, म्हणून मीही होतो. किसनदादा वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, एका कोकराच्या खुरातला काटा काढीत होता. त्याने मान वर केली नाही.

“दादा, तपासायला या,” बाई म्हणाल्या.

“कुठं येऊ? तुमची पाटी काय म्हणती?”

“महिला तपासणी.”

“मंग? तीस वर्सं गड्याच्या पंगतीला जेवलो बाई. आता बायांच्या रांगंला उभा राहू? माझ्या बोकडाला उद्या कुणी भाव दिल का?”

“रांगेच्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी या, एकटेच.”

“एकट्यासाठी दवाखान्याचं दार उघडलं, का गाव बघायला येतं. तुमचा वॉचमन तर घरोघर सांगत जाईल. त्यापरीस मेलेलं बरं.”

बाई जमिनीवर बसल्या. त्यांना बसायला वेळ लागला. कोकराचा पाय त्यांनी धरला, किसनदादाने काटा काढला. मग त्यांनी त्याला सगळे सरळ शब्दांत सांगितले. पिशवी आत आहे, तुम्ही तिला विचारा अथवा विचारू नका. तिचे अस्तर वाढले असेल. जड शरीरात ते अधिक वाढते, त्यात तुमचा गुन्हा नाही. साधेही असेल, कर्करोगही असेल. बघितल्याशिवाय कळत नाही आणि वजन उतरेपर्यंत ते थांबत नाही. लवकर सापडले तर माणूस वाचतो. उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही.

किसनदादाने कोकरू सोडले. ते आईकडे धावले.

“मरायचं भ्या न्हाई मला,” तो म्हणाला. “पर मेल्यावर धुताना बाया बलावतील का गडी, ह्याचं भ्या वाटून राहिलं.”

बाई उठल्या. उठायलाही वेळ लागला. त्या जीपमध्ये बसल्या. मग म्हणाल्या, “पाटी माझी आहे ना मास्तर? मग मी बदलते.”

पाटी बदलली. रंगाऱ्याने ‘महिला’ हा शब्द पांढऱ्या रंगाने बुजवला आणि नवी अक्षरे काढली: ‘ओटीपोट तपासणी. दर गुरुवारी. सर्वांसाठी.’ बाईंचा हिशेब असा की ओटीपोट काही बाईमाणसाचे वेगळे नसते. त्या पाटीखाली किसनदादा मान ताठ ठेवून उभा राहू शकेल आणि कोणाला काही सांगावे लागणार नाही. मी म्हणालो, ‘सर्वांसाठी’ हा शब्द नको. त्या म्हणाल्या, “त्या शब्दासाठीच तर पाटी आहे.” त्यांनी साखऱ्याला निरोप पाठवला.

पाटीचे छायाचित्र बुधवारी संध्याकाळी कोणीतरी मोबाइलवर सर्व गावांना पाठवले.

गुरुवारी सकाळी मी रुग्णालयाचे फाटक उघडले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. रांगेत सर्व पुरुष होते. आमच्या तालुक्यात इतकी ओटीपोटे आहेत, याची मला कल्पना नव्हती. कोणाला वायू होता. कोणाला बद्धकोष्ठ होते. कोणाला अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा, त्रास होता, कोणाला मूतखडा होता. एकाला काहीच नव्हते. फुकट तपासतात असे कळल्यामुळे तो आला होता. माजी सरपंच पहाटेपासून पहिल्या क्रमांकावर होते आणि आपल्या पोटात काय चालते ते सर्वांना सांगत होते. दर गुरुवारी येणाऱ्या बायका आवारातल्या निंबाखाली ढकलल्या गेल्या होत्या. त्यांच्यात दिवस भरलेल्या होत्या, पांढरे जाणाऱ्या होत्या, लेकरू कडेवर घेतलेल्या होत्या. त्या पुरुषांच्या रांगेकडे पाहत होत्या आणि त्यांची भाषा उत्तरोत्तर खालावत होती.

रांगेच्या शेवटी किसनदादा उभा होता. ज्याच्यासाठी पाटी बदलली तो एकटा मनुष्य सर्वांत मागे होता.

बाईंनी खिडकीतून हे पाहिले. हाकलावे तर पाटीवर ‘सर्वांसाठी’ लिहिलेले. एकट्या किसनदादाला हाक मारावी तर सारे फुकट. त्यांनी थोडा विचार केला आणि माजी सरपंचांना आत बोलावले. भिंत अर्धी होती आणि सरपंच पुरुष होते, त्यामुळे आवाज कमी करण्याचे कारण नव्हते.

“शेवटची पाळी कधी आली?”

“काय म्हणलात?”

“गुरुवारी सगळ्यांना हेच प्रश्न असतात. न्हाई? बरं. लघवीच्या जागी खाज? जखम? बायकोजवळ शेवटचं कधी गेला होतात? तिला विचारून गेला होतात का?”

सरपंचांचे उत्तर कोणालाच ऐकू आले नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे पोट साफ झाले असावे, असा त्यांचा चेहरा होता. त्यांच्यामागच्या माणसाला शेतावर काम आठवले. त्याच्यामागच्यालाही आठवले. तरीही मूतखडेवाले हटले नाहीत. त्यांना खरोखर दुखत होते. अंतर्गळवालेही राहिले. पुरुष निम्मे झाले, पण रांग पुढे सरकेना. बारा वाजले.

दिवस उन्हाचे होते. किसनदादाने घोंगडी खांद्यावरून काढून कंबरेला गुंडाळली होती. मला वाटले, त्याला थंडी वाजत असावी. निंबाखाली गंगूआत्या बसली होती. ती आमच्याकडे दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येई आणि कोणाचे ऐकून घेत नसे. तिने त्या घोंगडीकडे पाहिले आणि ती उठली.

“किसन, तू हितं काहून उभा?”

“पोट दुखून राहिलं आत्या.”

“ह्या वायुवाल्यांच्यात तुझा नंबर सांजेला बी लागायचा न्हाई. चाल तिकडं.”

“तिकडं बाया हायेत.”

“बायाच हायेत, वाघ न्हाईत. अन् तुला लुगडं नेसून ये असं कोण म्हणून राहिलं? गडी हायेस, गडी म्हणून उभा राहा. आमच्या रांगंत आमी एक गडी घेतला. कुणाच्या बापाची रांग हाय?”

किसनदादा हलला नाही. गंगूआत्याने त्याच्या कंबरेकडे हात केला आणि आवाज खाली आणला. तेवढे एक वाक्य तिने हळू म्हटले. “घोंगडीतून खाली उतरायच्या आत चल लेकरा.”

मग निंबाखालच्या सर्व बायका उठल्या. त्यांनी किसनदादाला मध्ये घेतले. दिवस भरलेल्या पुढे, लेकुरवाळ्या दोन्ही बाजूंना, म्हाताऱ्या मागे. तो घोळका व्हरांड्यात शिरला. एका अंतर्गळवाल्याने हरकत घेतली. त्याला एका बाईने आपले लेकरू धरायला दिले आणि ती पुढे गेली. पुढे तो बराच वेळ ते लेकरू धरून उभा होता.

दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी किसनदादाकडे पाहिले, भोवतालच्या बायकांकडे पाहिले, आणि सवयीने आवाज दाबून म्हणाल्या, “आत्या, यांचं जरा वेगळं आहे. तुम्ही बाकीच्यांना बाहेर...”

“काय येगळं हाय?” गंगूआत्या म्हणाली. “त्याच्या मायचं बाळंतपण माझ्या सासूनं केलं. साऱ्या शिवाराला ठावं हाय बाई. तुमालाच आज कळलं व्हय?”

“तुम्हा सगळ्यांना माहीत आहे?”

“माहीत हाय म्हणून काय बोंबलत फिरायचं? त्यो गडी हाय. गड्याला पिशवी हाय. दुखून राहिली. बघा की आता, का पुन्हा पाटी रंगवता?”

एक तरुण सून म्हणाली, “किसनदादानं माझ्या लग्नात वरातीपुढं हलगी वाजवली. त्यो बाई हाय असं कुणी म्हणलं तर मी ऐकायची न्हाई. पर आधी त्याला तपासा, मला टाइम हाय.”

किसनदादा खाली पाहत होता. त्याचे दोन्ही हात घोंगडीच्या गाठीवर होते. त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होते, ते मी लिहिणार नाही. तो आत गेला. पडदा ओढला गेला. भिंतीपलीकडून फुसफुस ऐकू येऊ लागली. ती बराच वेळ चालली. काट्यावरचा टॉवेल त्या दिवशी निघाला नाही.

अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. बाईंना जी कर्करोगाची शंका होती ती खरी निघाली, परंतु रोग पिशवीच्या बाहेर गेलेला नव्हता. एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. तेथे अर्ज भरणाऱ्याने विचारले, पतीचे नाव. किसनदादा म्हणाला, “मला नवरा न्हाई. मेंढरं हायेत.” अर्ज भरणाऱ्याने तो रकाना मोकळा सोडला आणि पुढचा विचारला, खाट पुरुष विभागात की स्त्री विभागात. तेथील परिचारिका म्हणाली, पिशवी काढायची असलेला रोगी पुरुष विभागात ठेवता येत नाही, नियम आहे. दुसरी म्हणाली, धोतर नेसलेला रोगी स्त्री विभागात ठेवता येत नाही, तोही नियम आहे. खिल्लारेबाई तेथे कोणीच नव्हत्या, रोग्याच्या नातेवाईक म्हणून गेल्या होत्या. त्या दोन्ही विभागांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसल्या. त्या बसल्यावर त्या दारातून औषधाची गाडी जाईना, जेवण जाईना आणि डॉक्टरही जाईना. तासाभरात कोपऱ्यातली एक स्वतंत्र खोली सापडली. तिच्यात झाडू आणि बादल्या ठेवीत असत. बादल्या बाहेर आल्या, किसनदादा आत गेला. शस्त्रक्रिया झाली. तो घरी आला.

आमच्या रुग्णालयाची पाटी पुन्हा रंगवावी की नाही, हा प्रश्न त्यानंतर राहिला. गुरुवारी बायका पहाटेच येऊन रांग धरू लागल्या आणि पुरुषांनी मागे उभे राहावे, असे गंगूआत्याने ठरवले. फार थोडे पुरुष उभे राहत. जे राहत त्यांना खरोखरच काहीतरी झालेले असे.

किसनदादा तपासणीला वेळेवर येत नसे. दर तीन महिन्यांनी यायचे ठरले होते. तो म्हणे, बरं वाटतंय, मग कशाला? बाई निरोप पाठवीत, तो मेंढरे घेऊन दुसऱ्या शिवाराला जाई. पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. सामान गेले, निरोप समारंभ झाला, त्यात त्या थोडक्यात बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. मी त्याच रस्त्याने सेनगावला जात होतो, म्हणून गाडीत मलाही घेतले. साखऱ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली.

रस्त्याच्या खाली नांगरलेल्या रानात मेंढरे चालली होती. त्यांच्यापुढे किसनदादा होता. बाई उतरल्या, त्यांनी साडीचा काठ हातात धरला आणि ढेकळांतून त्या कळपामागे निघाल्या. मी गाडीत बसून राहिलो. चालक म्हणाला, पाय मुरगळेल बाईंचा.

“दादा! थांबा!” तो थांबला नाही. “रक्त जातंय का?”

साऱ्या शिवाराने ऐकले असेल. किसनदादाने मागे न पाहता काठी डोक्यावर आडवी धरली आणि डावी-उजवीकडे हलवली.

“दुखतंय का?”

काठी पुन्हा डावी-उजवीकडे हलली.

“लघवीला जळजळ? खोटं बोलू नका!”

काठी काही क्षण स्थिर राहिली. मग थोडी हलली. बाई ढेकळात अडखळल्या, सावरल्या, पुन्हा चालू लागल्या. मेंढरांची धूळ त्यांच्यावर येत होती. त्या खूप मागे पडल्या होत्या आणि त्यांना दम लागला होता, हे इतक्या दुरूनही दिसत होते. त्यांनी पुढे काही विचारले नाही. बहुधा आवाज उरला नव्हता.

प्रश्न येईना म्हणून किसनदादाने वळून पाहिले. मेंढरे तशीच पुढे जाऊ लागली. तो एका जागी उभा राहिला आणि बाई त्याच्यापर्यंत पोचेतोवर हलला नाही. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात टेकला, तो दम खाण्यासाठी, आणि वाकून त्याच्या कानाशी तोंड नेले. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही.